काटकसर कोणाच्या ताटातून?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाच्या कोलकाता येथील सभेत महिला शाखेच्या वतीने झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्यासपीठावरून आतापर्यंत नाट्य, संगीत, ग्रंथालय, गणेशोत्सव अशा अनेक विषयांवर विद्वत्तापूर्ण भाषणे झाली. त्यांच्या पंक्तीला वाणसामानाची यादी घेऊन बसण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. विषय कोणाला किरकोळ वाटेल. तथापि पन्नास वर्षांत या मंडळातील कोणत्याही घराला नाटकाविना एक वर्ष काढता आले असेल, पण स्वयंपाकाविना एक दिवस काढता आलेला नाही. शिवाय या विषयाच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, जो आम्ही आपसांत बोलतो पण सभेत कधी मांडला नाही. तो आज मांडावा, एवढ्याचसाठी हे चार शब्द.

काटकसर हा आपल्याकडे गुण मानला जातो, आणि तो गुण आहेच. परंतु परमुलखात आल्यावर आपण या बाबतीत दोन चुका करतो. पहिली चूक पिशवीची आणि दुसरी ताटाची.

पहिलीबद्दल प्रथम सांगतो. १९७७ साली हावडा-मुंबई गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. आपल्या मंडळाचे आणि या गाडीचे वय जवळजवळ सारखेच. या गाडीने आणि पुण्याहून येणाऱ्या आझाद हिंदने आपल्या माहेरचे किती सामान वाहून आणले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. तांदूळ, गोडा मसाला, मटकी, ज्वारीचे पीठ, कोकम, पोहे, पापड! निरोप देणाऱ्या आईच्या हातचे काही सोबत असावे ही भावना आम्हीही जाणतो. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या भावनेला महिन्याच्या हिशेबात बसविण्याची.

एकदा आम्ही चार घरांनी मिळून गावाकडून वर्षभराचा तांदूळ मागविला. माहेरी चैत्र-वैशाखात धान्य उन्हात वाळवून, डब्यांत कडुनिंबाचा पाला घालून वर्षाची बेगमी करतात, तसेच करायचे ठरले. भाव किलोमागे थोडा कमी पडला म्हणून आम्ही स्वतःवर खूश होतो. पण येथील आषाढ-श्रावणाची दमट हवा त्या बेगमीला मानवली नाही. दुर्गापूजेच्या आधीच तांदळाला पोरकिडे लागले, जाळी धरली, आणि निवडता निवडता आमच्या दुपारी संपल्या. वाहतूक, हमाली आणि टाकून दिलेला तांदूळ धरून हिशेब केला, तेव्हा तोच तांदूळ कोपऱ्यावरच्या दुकानातील तांदळापेक्षा महाग पडला होता. बेगमीची रीत खोटी नव्हती. ती कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखातली होती. येथे महिन्यापुरतेच धान्य भरावे, हा धडा आम्ही असा विकत घेतला.

आता दुसरी चूक. आमच्यापैकी एका भगिनीला काही वर्षांपूर्वी जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी रक्त तपासले. स्त्रीच्या रक्तात हिमोग्लोबिन बारा ग्रॅम तरी असावे; तिचे आठच्या आत होते. डॉक्टरांनी विचारले, "काल दिवसभरात काय काय खाल्लेत?" ती सांगू लागली, "सकाळी मुलांना दूध आणि अंडे, ह्यांच्या डब्यात पोळी-भाजी, सासूबाईंना मऊ खिचडी..." डॉक्टरांनी तिला थांबविले आणि म्हणाले, "हे घराने खाल्ले. तुम्ही काय खाल्लेत?" त्यावर तिला उत्तर सुचेना. आठवून आठवून तिने सांगितले, की दोन वेळा चहा, उरलेली पोळी, आणि रात्री भाताबरोबर तळाशी राहिलेले वरणाचे पाणी.

या घराचा मासिक खर्च आम्हा सर्वांत कमी होता. आम्ही तिची तारीफ करीत असू. तिच्या घरात कोणी वाईट नव्हते. कोणी तिला उपाशी ठेवले नव्हते. बचत झाली होती खरी; पण ती कोणाच्या ताटातून झाली, हे कोणी पाहिले नव्हते, आणि तिने स्वतःही नाही.

हा एकीचा प्रसंग असता तर आम्ही येथे सांगितला नसता. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात, आणि शेवटी जेवणे हे काही एकमेव कारण नव्हे. तरीपण शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला भात उरतो आणि डाळ, भाजी, दही उरत नाही, हे कोणत्याही पाहणीवाचून आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आमचे म्हणणे असे, की घरात शेवटी बसणाऱ्याचे ताट पहिल्या ताटासारखे भरले, तरच त्या महिन्याच्या बचतीला बचत म्हणावे.

मग पैसे वाचवायचे कोठून? याचे उत्तर शोधताना प्रथम पैसे जातात कोठे ते पाहावे. २०२२-२३ च्या सरकारी कौटुंबिक खर्च पाहणीनुसार शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी सुमारे ३९ टक्के खर्च खाण्यावर होत होता. त्यातील सर्वांत मोठा वाटा धान्याचा नव्हता, दुधाचाही नव्हता. तो होता पेये, तयार खाद्यपदार्थ आणि बाहेरचे खाणे यांचा. एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांहून अधिक. धान्य आणि डाळी या दोहोंवर मिळूनही इतका खर्च होत नव्हता. म्हणजे आपण डाळीची वाटी लहान करून वाचवितो ते थोडे, आणि बिस्किटे, वेफर्स, शेवया, सरबते यांच्या पुड्यांतून निसटते ते पुष्कळ. पुडीवर वजन छापलेले असते. ते वाचून एकदा किलोचा भाव काढून पाहावा. वेफर्सचा किलोचा भाव शेंगदाण्याच्या दुपटी-तिपटीच्या घरात जातो. दुधात घालायच्या गोड भुकट्यांचेही तेच. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये 'आरोग्यपेय' या सदराखाली न विकण्यास सांगितले. आम्ही कित्येक वर्षे ती आरोग्यपेय म्हणूनच मुलांना पाजली आणि त्यासाठी स्वतःच्या दह्याची वाटी बंद केली.

आता प्रमाणाचा विचार करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी तिने सुचविलेले प्रमाण साधारण असे आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, पालेभाज्या धरून भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध अथवा दही ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ यांसारख्या तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. हे आकडे वाणसामानाच्या भाषेत आणले तर चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला धान्य तीस किलो, डाळी व कडधान्ये सुमारे दहा किलो आणि तेल-तूप मिळून सव्वातीन किलो लागते. लहान मुलांचे प्रमाण वयानुसार कमी धरावे, आणि मासे-अंडी खाणाऱ्या घरात डाळ थोडी कमी चालते.

हे वाचून आम्ही आपापल्या याद्या काढून बसलो. बहुतेकींच्या यादीत डाळी चार-पाच किलो होत्या आणि तेल पाच-सहा किलो. चूक एका दृष्टिक्षेपात दिसली. तेलाच्या एका किलोच्या पैशात मसूर किंवा चणाडाळ साधारणपणे किलोभर येतेच. तेव्हा तेलाचे दोन किलो कमी करून डाळीचे दोन किलो वाढविले, तर खर्च वाढत नाही आणि प्रत्येकाच्या, अगदी शेवटच्याही, वाटीत दाट वरण पडते. याची सुरुवात सोपी आहे. तेलाच्या पिशवीवर ती उघडल्याची तारीख लिहावी आणि ती किती दिवस पुरली ते पाहावे. आम्हांपैकी अनेकींना आपण किती तेल वापरतो हे त्या दिवशी प्रथम कळले.

डाळ वाढविली, आता भाजी. येथे आमची गुरू म्हणजे शेजारच्या माशीमा. येथे आलो तेव्हा आम्ही बाजारात मेथी, गवार, घेवडा शोधत हिंडत असू, आणि ते न मिळाले की "इथे भाजीच मिळत नाही" म्हणत बटाटे घेऊन परतत असू. एके दिवशी माशीमांनी आमची पिशवी पाहिली आणि हाताला धरून पुन्हा बाजारात नेले. त्या दिवशी आम्हाला उमगले, की आपण अनोळखी मुलखात आलोच नव्हतो. फक्त नावे बदलली होती. त्यांचा 'मोचा' म्हणजे आपले केळफूल. 'थोड' म्हणजे केळीचा गाभा. 'एंचोड' म्हणजे फणसाची कुयरी. 'पुंई' म्हणजे मायाळू, 'सजने' म्हणजे शेवगा, 'ओल' म्हणजे सुरण, 'कचू' हे अळूचे भावंड, 'चिचिंगे' म्हणजे पडवळ आणि पावसाळ्यातला 'काँकरोल' हा कर्टोल्यांचा थोरला भाऊ. कोकणातल्या परसात जे फुकट होते आणि मुंबईच्या बाजारात जे आता अप्रूपाचे झाले आहे, ते येथे रोजच्या टोपलीत होते. आम्ही मात्र त्याच्याजवळून जाऊन दूरवरून आलेली महाग भाजी घेत होतो.

भाजी मोसमात घ्यावी हे सर्वांना माहीत आहे. फक्त मोसम येथला धरावा. पौष-माघात फ्लॉवर, कोबी, वाटाणा, पालक, टोमॅटो स्वस्त होतात. फाल्गुनात शेवग्याची फुले आणि शेंगा, कुयरी. उन्हाळ्यात परवल, दोडकी, लाल भोपळा. पावसाळ्यात मायाळू, अळू, नाळीची भाजी. पेरू स्वस्त असताना सफरचंदाकडे पाहू नये. जीवनसत्त्व 'क' पेरूत सफरचंदाच्या कितीतरी पट असते, आणि बारुईपूरचा पेरू तर दारात येतो. हापूसची एक पेटी भावनेसाठी आणावी, पण मुलांना आंबा पोटभर खाऊ घालायचा तर हिमसागर आणि लंगडा आहेत.

तांदळाचेही तसेच. येथला रोजचा 'सिद्ध चाल' म्हणजे आपला उकडा तांदूळ. कोकण-गोव्यातील भगिनींना तो नवा नाही. घाटावरच्या आम्हाला तो सुरुवातीला रुचला नाही. धान उकडताना कोंड्यातील काही जीवनसत्त्वे दाण्यात शिरतात, म्हणून पॉलिशच्या पांढऱ्या तांदळापेक्षा तो पौष्टिक. रोज तो खावा. सणावाराला, नैवेद्याच्या मुदीला सुवासिक तांदूळ हवा तर गोविंदभोग आहे. तो आंबेमोहोराची आठवण विसरू देत नाही, आणि गीतांजलीचे हमालही लागत नाहीत.

माशीमांनी आणखी एक गोष्ट शिकविली. दुधीची साल त्या टाकीत नाहीत. बारीक चिरून मोहरीच्या तेलात खसखस घालून परततात. फ्लॉवरचे देठ, मुळ्याचा पाला, भोपळ्याची साल यांची मिळून एक भाजी करतात. आम्ही थक्क झालो, आणि मग आम्हाला दोडक्याच्या शिरांची चटणी आठवली. आईच्या घरी ती नेहमी होत असे. परमुलखात आल्यावर ती आपण का सोडली? कदाचित पाट्यावरच्या चटणीला पोळपाटाइतके मोल नाही असे वाटले असेल. माशीमांना आम्ही ती करून दाखविली, आणि आता त्यांच्या घरी ती 'मराठी चटणी' म्हणून होते.

यावरून एक साधे सूत्र आमच्या हाती लागले: वस्तू येथली घ्यावी, रीत आपली ठेवावी. मटकी गावाहून मागविण्याची गरज नाही. मोड आणण्याची रीत गावाहून आलेलीच आहे. येथे मिळणारे काळे चणे, अख्खा मसूर, हिरवे मूग, सुके वाटाणे यांना रात्री भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत. मोड आलेल्या कडधान्यात 'क' जीवनसत्त्व तयार होते, त्यातील लोह शरीराला अधिक लागू पडते, ते शिजायलाही कमी गॅस लागतो. शिवाय वाटीभर कडधान्याची चौघांची उसळ होते. वरण-भात ही जोडीही उगाच जमलेली नाही. तांदळातील प्रथिनांत जे उणे असते ते डाळ भरून काढते, आणि डाळीत जे उणे ते तांदूळ. त्यावर आपण लिंबू पिळतो. त्या लिंबामुळे डाळी-पालेभाज्यांतील लोह अंगी लागते. उलट जेवणाला लागून घेतलेला चहा ते लागू देत नाही. तेव्हा आपल्या त्या भगिनीच्या पोळीबरोबरचा चहा तासाभराने पुढे ढकलला, एवढ्यानेही काही साधले, आणि त्याला दमडीही लागली नाही. मुलांच्या मधल्या वेळच्या खाण्याला बिस्किटांऐवजी येथला 'छातू', म्हणजे भाजलेल्या चण्याचे पीठ, गूळ घालून द्यावा; किंवा दाण्याचे लाडू. आपल्याला सातूचे पीठ माहीत आहेच. नाव जवळचे आणि नातेही.

मात्र काही ठिकाणी स्वस्त घेणे अंगाशी येते. सुटे तेल घेऊ नये. १९९८ साली दिल्लीत पिवळ्या काटेधोत्र्याच्या बियांची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने सुजेची साथ पसरली आणि अनेक माणसे दगावली. हळद पूड सुटी घेऊ नये; हळकुंडे आणून दळून घ्यावीत. मीठ आयोडिनचेच घ्यावे. मुलांच्या दुधात पाणी घालून बचत करू नये. आणि पालेभाजी संध्याकाळी उरलेली स्वस्त मिळते म्हणून रोज तीच घेऊ नये. बाजार उठताना बटाटा, भोपळा, सुरण घ्यावा, पाला मात्र सकाळचा.

काही कामे एकट्या घराला जमत नाहीत, ती मंडळाला जमतील. पोस्त्याच्या घाऊक बाजारात डाळी, गूळ, मसाले किरकोळीपेक्षा स्वस्त पडतात, पण एका घराला तेथून पोते आणून काय करायचे? आम्ही सहा घरे महिन्यातून एकदा मिळून शेंगदाणे, चणे, मसूर आणि गूळ आणतो आणि एका घरी बसून वाटून घेतो. वाटणीच्या त्या दुपारी गप्पा होतात, एकमेकींच्या पाककृती कळतात, आणि कोणाचा चेहरा उतरला आहे हेही दिसते. आमच्या त्या भगिनीची धाप प्रथम तेथेच लक्षात आली होती.

ती आता बरी आहे. डॉक्टरांच्या गोळ्या तिने वेळेवर घेतल्या. आमच्या आग्रहाने तिच्या घरी आणखी एक बदल झाला. रात्रीची सर्व ताटे एकाच वेळी वाढली जातात आणि सर्व मिळून जेवायला बसतात. पोळ्या आधी करून डब्यात ठेवल्या जातात. गरम पोळी तव्यावरून पानात पडत नाही, याची तिच्या यजमानांनी प्रथम थोडी कुरकुर केली. मग एके रात्री त्यांनीच पाहिले, की पाचवे ताट भरताना वरण पुरले नाही. दुसऱ्या दिवसापासून डाळ अर्धी वाटी जास्त पडू लागली. महिनाअखेरीस खर्च वाढला नव्हता, कारण पुड्या बंद झाल्या होत्या.

बंधूंनो, येथले भद्र बंगाली गृहस्थ रोज सकाळी पिशवी घेऊन बाजाराला जातात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. पन्नास वर्षे या शहरात राहून आपण त्यांच्याकडून संदेश आणि रसगुल्ला घेतला. ती पिशवीही घ्यावी. भाव स्वतः विचारणाऱ्याला ताटातील भाजीची किंमत कळते, आणि ती कोणाच्या ताटात नाही हेही दिसू लागते.

भगिनींनो, आजच्या सभेनंतर महाप्रसाद आहे. वाढण्याची जबाबदारी नेहमीप्रमाणे आपल्याकडे आहे. आमची एकच विनंती आहे. या वर्षी शेवटची पंगत स्त्रियांची ठेवू नये. पहिल्याच पंगतीत अर्ध्या पानांवर आपण बसावे आणि वाढायला पुरुषांनी यावे. अध्यक्षमहाशयांनी या सूचनेला मघाशीच मान हलवून संमती दिलेली आहे, हे सर्वांच्या साक्षीने नमूद करून आम्ही आपली रजा घेतो.